खिडकीत अडकलेला कमांडो

फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या आमच्या लानवेरेक गावात मला 'कमांडो' म्हणतात. पावाच्या दुकानातली मुलगी म्हणते, पाद्रीबाबा म्हणतात, आणि भांडण झालं की माझी बायको अर्मेलही म्हणते. तिच्या तोंडून तो शब्द ऐकला की मी मुकाट्यानं कचऱ्याची बादली बाहेर नेऊन ठेवतो. लोकांची समजूत अशी की मी दातांत सुरा धरून कडे चढलो. कडे चढलो हे खरं. स्कॉटलंडमध्ये, भर पावसात, आणि तेही मागून एक सार्जंट माझ्या आईचा उद्धार करत होता म्हणून. दातांत सुरा नव्हता. दात वाजत होते.

नंतर मी व्यापारी झालो, त्यानंतर प्रकाशक झालो. यातलं काहीच मी ठरवून केलेलं नाही. पण ते मागाहून सांगतो. आधी गोनेरीबद्दल सांगायला हवं, कारण ही हकीकत त्याची आणि त्याच्या आईची आहे. मी त्यात उंच असल्यामुळे आलो.

गोनेरी तांगी शेजारच्या घरातला. आमचे दोघांचेही बाप तारली पकडायला जायचे. त्याचा बाप तो रांगत असतानाच बुडाला. त्याची आई, सोआझिकमावशी, तारलीच्या कारखान्यात मासळी डब्यांत भरायची. हाताला कायम मिठाच्या चिरा, आणि जिभेलाही. आम्ही दोघं तिच्याकडे जेवायचो, माझ्याकडे झोपायचो, आणि मार मात्र दोन्ही घरी वेगवेगळा खायचो.

आमच्याकडे मच्छीमाराच्या पोराला पोहायला शिकवत नाहीत. बाहेरच्या लोकांना हे खरं वाटत नाही. जन्म समुद्रावर जातो आणि पोहता येत नाही म्हणजे काय! पण आमच्या म्हाताऱ्यांचा हिशेब साधा होता. भर समुद्रात होडी उलटली तर पोहून जाणार कुठे? पोहता येणारा उगाच हालहाल होऊन मरतो, न येणारा पटकन सुटतो. एकदा ओहोटीच्या वेळी गोनेरी आणि मी धक्क्यामागच्या डबक्यात हातपाय मारत होतो, ते मावशीनं पाहिलं. आपला लाकडी बूट काढून तिनं आम्हाला घरापर्यंत झोडपत नेलं.

"पोहायला शिकताय? मेल्यांनो, चार चार तास तडफडून मरायचंय? तुझा बाप अर्ध्या मिनिटात गेला, सुखानं गेला! पुन्हा पाण्यात दिसलास तर मीच बुडवीन!"

त्यानंतर पाय धुण्यापलीकडे आमचा पाण्याशी संबंध आला नाही.

चाळीस साली जर्मन आले तेव्हा गोनेरी एका होडीतून इंग्लंडला निघाला. तो निघाला म्हणून मी निघालो. देशप्रेम होतंच, नाही असं नाही. पण मी एकटा मागे राहिलो असतो तर 'माझं पोरगं कुठाय' असं विचारून विचारून मावशीनं मला कच्चा खाल्ला असता. शिवाय आमच्या घरचे माझं लग्न चर्चमधल्या ऑर्गनवाल्याच्या मुलीशी ठरवत होते. तिच्यापुढे जर्मन परवडले. चार वर्षं आम्ही इंग्रजांचा उकडलेला कोबी खाल्ला, त्यांच्या डोंगरांवरून घसरलो आणि शेवटी कमांडोची हिरवी टोपी मिळवली. पोहण्याची परीक्षाही दिली. हवा भरलेला पट्टा कमरेला बांधून तळं ओलांडायचं होतं. तो पट्टा बांधला तर दगडसुद्धा पास झाला असता.

मग नॉर्मंडीचा किनारा. आमच्या बोटीचं पुढचं दार खाली पडलं आणि आम्ही उड्या मारल्या. नेमका तिथे वाळूत खड्डा होता. पाणी माझ्या हनुवटीपर्यंत आलं. गोनेरी माझ्यापेक्षा हातभर बुटका होता. पाठीवर ओझं, आणि पट्ट्यात हवा भरायला वेळच मिळाला नव्हता. मी वळून पाहिलं तेव्हा नुसतं पाणी होतं. मी हात घालून चाचपलं, पण मागून आणखी माणसं उड्या मारत होती, आणि त्यांनी मला ढकलत वाळूवर नेऊन सोडलं. गोनेरीनं एक गोळीही झाडली नाही. त्याच्यावरही कोणी झाडली नाही. माझा एवढा जवळचा माणूस चार ढांगांवर कोरडी वाळू असताना बुडून मेला, आणि आजही मला ते सहन होत नाही.

युद्ध संपल्यावर गावात परतलो तर गोनेरीच्या नावाची पाटी आधीच लागलेली. आमचे मेयर केरब्रा यांनी भाषणात त्याला मशीनगनवर धावत पाठवून मारला होता. फार सुंदर भाषण केलं म्हणे, बायका ओक्साबोक्शी रडल्या. मला कोणी काही विचारलं नाही. मीही काही बोललो नाही. मशीनगन खोटी पडली असती त्याचं मला काही नव्हतं. पण 'बुडाला' म्हटलं की पुढचा प्रश्न येणारच, आणि त्याच्या उत्तरात तो लाकडी बूट होता. ते उत्तर मी मावशीला कुठल्या तोंडानं देणार होतो?

पोटासाठी मी धंदा सुरू केला. सैन्यानं टाकून दिलेले जीवरक्षक पट्टे घाऊक घेतले आणि ते लानवेरेकच्या मच्छीमारांना विकायला निघालो. धंद्याची अक्कल बघा! एकानंही घेतला नाही. "होडीत हा ठेवायचा म्हणजे समुद्राला आमंत्रणच की रे," असं म्हणून मला सगळीकडून हाकललं. शेवटी ते पट्टे एका बाईनं बागेत भोपळ्याखाली ठेवायला नेले. मग मी रबरी बूट विकले, ते मात्र खपले. त्या पैशांत एक जुनं छापयंत्र घेतलं आणि तारलीच्या डब्यांवरची लेबलं छापू लागलो. हिवाळ्यात तारली नसायची, यंत्र रिकामं राहायचं, म्हणून भरती-ओहोटीचं पंचांग काढलं. पहिल्याच वर्षी एप्रिलच्या पानावर भरती आणि ओहोटी यांची अदलाबदल झाली आणि निम्मं गाव चिखलात रुतलं. तरीही लोकांनी पुढच्या वर्षी पंचांग घेतलं, कारण दुसरं मिळत नव्हतं. अशा रीतीनं मी प्रकाशक झालो.

पाककृती झाल्या, संतांची चरित्रं झाली. मग साठ सालानंतरच्या एका हिवाळ्यात काही हातात नव्हतं, म्हणून मी स्वतःच्याच आठवणी लिहिल्या. लिहिताना माणसाला खरेपणाचा झटका येतो. गोनेरीचं सगळं जसंच्या तसं लिहिलं. भीती वाटली नाही, कारण मी माझ्या गावाला ओळखतो. लानवेरेकमध्ये पुस्तक वाचत नाहीत, मांडून ठेवतात. आणि मावशीला वाचता येत नाही अशी माझी पक्की समजूत होती.

पुस्तक निघालं आणि मी ते विकायला पॅरिसला गेलो. परत आलो तेव्हा अर्मेलनं सांगितलं, "घरोघरी प्रत दिली हं. सोआझिकमावशींना तर मी स्वतः नेऊन दिली. तू विसरलाच होतास!"

"मी विसरलो नव्हतो," मी म्हणालो. "मी टाळत होतो."

"मग तसं सांगायचं होतं. मी काय मनातलं वाचते?"

आमच्याकडे चांगलं पुस्तक न कापताच विकतात. मोठ्या कागदावर सोळा पानं छापायची, घड्या घालायच्या, शिवायचं, आणि तसंच द्यायचं. वाचणाऱ्यानं सुरीनं घड्या फाडत पुढे सरकायचं. यामुळे कोणी किती वाचलं हे दुरूनही कळतं, आणि लेखकाला यापेक्षा वाईट शिक्षा नाही. मी गावात फिरलो. औषधवाल्यानं "काय लिहिलंयस रे!" म्हणून मला मिठी मारली, आणि त्याच्या खांद्यावरून मला फडताळावर माझं पुस्तक दिसलं, विटेसारखं बंद. मेयर केरब्रा पहिला परिच्छेद तोंडपाठ म्हणायचे, कारण पहिलं पान न कापता वाचता येतं. अर्मेलनं फक्त तिचं नाव आलेली पानं कापली होती. लेखक म्हणून मी रागानं फणफणत होतो, आणि त्याच वेळी सुटल्यासारखं वाटत होतं. असा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

मावशीकडे मी दर रविवारी जायचो, लोण्याचा केक घेऊन. पुस्तक कपाटावर, मरियामातेच्या मूर्तीच्या पायाशी होतं. ती कॉफी करायला आत गेली की मी उठून वरच्या कडा बघायचो. बंद. पुढच्या रविवारी, बंद. मी केक दोन वेळा मागून खाल्ला. मग एका रविवारी पहिली सोळा पानं कापलेली दिसली. वेडीवाकडी, मासे साफ करायच्या सुरीनं, आणि कडेला लोणी लागलेलं.

"मावशी, तुम्ही वाचता?"

"का रे? तुझीच मक्तेदारी आहे का?" ती आतून ओरडली. "गोनेरीची पत्रं लपूनछपून यायची तेव्हा पाद्र्याकडून वाचून घ्यायची मला लाज वाटायची. शिकले मग. बोट ठेवून वाचते, हळू होतं. आता तुम्ही दोघं त्या डोंगरावर आहात. फार घसरता बाबा तुम्ही."

पुढच्या रविवारी आम्ही डोंगरावरून खाली आलो होतो. त्यापुढच्या रविवारी तळं ओलांडलं होतं. आता नॉर्मंडीची बोटच उरली होती.

शहाणा माणूस तेव्हाच तिच्यासमोर बसून बोलला असता. मी छापखान्यात गेलो. माझ्याकडे यंत्र होतं, अक्षरांचे खिळे होते, कागद होता. बोटीच्या प्रसंगाच्या सोळा पानांचा तेवढा एकच फर्मा मी नव्यानं जुळवला. त्यात गोनेरीला किनाऱ्यावर चढवला, मशीनगनवर धावायला लावला, आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून तो म्हणाला, "आईला सांग, मी हसत गेलो, आणि तिच्या हातची धिरडी शेवटपर्यंत माझ्या जिभेवर होती." खिळे जुळवता जुळवता मला रडू कोसळलं. मी आयुष्यात लिहिलेलं सगळ्यात चांगलं प्रकरण तेच. अर्मेलनं ते एका नव्या प्रतीत शिवून दिलं. आधीची पानं मी मावशीच्या प्रतीत कापलेली होती तेवढीच कापली, लोणीसुद्धा लावलं.

"आणि हे तू बदलणार कसं?" अर्मेलनं विचारलं.

"मी कमांडो होतो," मी म्हणालो.

तिनं माझ्या पोटाकडे पाहिलं.

रविवारी दुपारी मावशी चर्चला प्रार्थनेला जाते. मी मागच्या अंगणातून गेलो. कोंबड्या गप्प बसवल्या, म्हणजे त्यांनी आरडाओरडा केला आणि मी दुर्लक्ष केलं. स्वयंपाकघराची खिडकी ढकलली, पुस्तक आत टाकलं आणि मागोमाग शिरलो. खांदे गेले. छाती गेली. मग मी थांबलो. मी स्वतःहून थांबलो असं नाही, पोट थांबलं. पाय बाहेर कोंबड्यांत, डोकं आत भांड्यांवर. इतकी वर्षं केक खाल्ल्याचा सगळा परिणाम मला एका जागी मिळाला. मी श्वास सोडून पाहिला, मरियामातेला हाक मारून पाहिली. तेवढ्यात पुढचं दार वाजलं.

मावशी प्रार्थनेची माळ विसरली होती. ती स्वयंपाकघरात आली, मला पाहिलं, आणि आधी शांतपणे माळ खिशात घातली.

"दार उघडंच होतं, जोब."

"हो का?"

"या गावात कोणी दार लावतं का? आणि चोरायचं तरी काय? दोन वाट्या आणि एक मांजर."

तिनं माझे दोन्ही हात धरून ओढलं. त्या हातांत अजून बरंच बळ होतं. मी भांड्यांसकट खाली आलो. जमिनीवर मी बसलेलो आणि माझ्या शेजारी माझं पुस्तक. तिनं ते उचललं, कपाटावरचं आपलं पुस्तक आणलं, दोन्ही टेबलावर शेजारी ठेवली आणि खुर्चीत बसली. चर्चची घंटा वाजत होती, पण तिनं तिकडे लक्ष दिलं नाही. माझ्या प्रतीतली पुढची घडी तिनं सुरीनं फाडली आणि बोट ठेवून वाचू लागली. मी जमिनीवरच राहिलो, उठायचा धीर झाला नाही.

ती शेवटपर्यंत वाचत गेली. मग तिनं ते वाक्य मोठ्यानं म्हटलं. "'आईला सांग, मी हसत गेलो, आणि तिच्या हातची धिरडी...' जोब, गोनेरी असं बोलायचा?"

"म्हणजे..."

"तो घाबरला की तोतरा व्हायचा. शाळेत स्वतःचं नाव सांगता यायचं नाही त्याला. एवढं लांब वाक्य तो मरताना बोलला?"

मी जमिनीवर पडलेला एक चमचा उचलून पुसू लागलो.

"दुसऱ्या पुस्तकात काय आहे? मला आणखी वाचायला लावू नकोस, डोळे दुखतात. तू सांग."

मी सांगितलं. वर तुम्हाला सांगितलं तसंच, फक्त त्यात एकही विनोद नव्हता. ती ऐकत होती. मध्ये एकदा तिनं टेबलावरचे पावाचे कण गोळा करून मुठीत धरले.

"पाणी कुठवर होतं?"

मी हनुवटीला हात लावला.

"बसून काय सांगतोस? ऊठ."

मी उठलो. ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, ताठ, लहानपणी भिंतीपाशी आमची उंची मोजायची तशी. गोनेरी तिच्यावर गेला होता, उंचीनंसुद्धा. मी हनुवटीपाशी आडवा हात धरला. तो तिच्या डोक्याच्या वर होता. तिनं मान वर करून त्या हाताकडे पाहिलं.

"डबक्यापाशी मीच मारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली.

"मावशी, पाठीवर एवढं ओझं होतं, मासासुद्धा बुडाला असता. पोहता येणारेही गेले त्या दिवशी."

"खोटं छान बोलतोस तू. म्हणून तुझी पुस्तकं खपतात."

"माझी पुस्तकं खपत नाहीत, मावशी."

ती हसली नाही. खुर्चीत बसली आणि पदराएवढ्या मोठ्या त्या काळ्या ॲप्रनमध्ये तोंड घालून रडली. मी तिला इतक्या वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं, नवरा गेला तेव्हाचं मला आठवत नाही. मला वाटलं, हे मी केलं, आणि खिडकीतच मेलो असतो तर बरं झालं असतं. मी कॉफी केली. वाईट केली. तिनं ती प्यायली.

मग तिनं विचारलं, "हे खरं पुस्तक गावात सगळ्यांकडे आहे?"

"आहे. पण घाबरू नका, कोणी एक पान कापलेलं नाही. कोणाला कळणार नाही."

"अरे मूर्खा," ती म्हणाली. "त्यांच्या घरात पोरं आहेत."

मला समजायला वेळ लागला. तिनं माझी खोटी सोळा पानं फाडून चुलीत घातली आणि म्हणाली, "पुढच्या रविवारी चर्चमधली मिस्सा संपली की तिथल्याच पायरीवर उभा राहा आणि मोठ्यानं वाच. लोक कधी पानं कापतील याची वाट बघत बसू नकोस."

मी वाचलं. मेयर केरब्रा लाल झाले आणि पाटी काढावी लागेल की काय असं पुटपुटले. मावशीनं त्यांना सगळ्यांसमोर सांगितलं, "राहू दे. पोरगं माझं होतं, पाटी तुझी आहे." बरेच म्हातारे मच्छीमार वाचन अर्धवट सोडून निघून गेले. सोआझिकला भ्रम झालाय, असं त्या दिवशी दारूच्या गुत्त्यात ठरलं. मला तिथे महिनाभर कोणी शेजारी बसू दिलं नाही.

पण मावशी मागे हटली नाही. शाळेत नवी बाई आली होती, शहरातली, एलियान नावाची. तिला पोहता येत होतं. उन्हाळा लागल्यावर मावशी घरोघर गेली आणि पोरांना अक्षरशः कानाला धरून धक्क्यामागच्या डबक्यापाशी घेऊन आली. आया विरोध करायच्या, तेव्हा ती त्यांच्या दारात उभी राहून स्वतःचं नाव घेऊन सांगायची, कोणी कोणाला मारलं आणि पुढे काय झालं. पाठोपाठ दार उघडायचं आणि पोर बाहेर यायचं.

पहिल्या दिवशी मीही बघायला गेलो. कोट, टोपी, सगळा प्रकाशकाचा थाट करून.

"तू काय बघतोस?" मावशी म्हणाली. "उतर पाण्यात."

"मावशी, माझं वय..."

"तुझं वय मला माहीत आहे. तू जन्मलास तेव्हा मी गरम पाणी धरून उभी होते. उतर."

चौथं वर्ष आहे आता हे. पोरं माशांसारखी सुळसुळतात, आणि त्यांच्यात हा फ्रान्सचा कमांडो हातानं चिखल धरून पाय आपटतो. एलियानबाई म्हणते, माझ्यात प्रगती आहे. ती दयाळू आहे. मावशी रोज दुपारी धक्क्याच्या भिंतीवर विणकाम घेऊन बसते. सगळी बाहेर आल्याशिवाय ती हलत नाही. शेवटचं पोर पाण्याबाहेर आलं की उठते आणि घरी जाते. ते शेवटचं पोर बहुतेक वेळा मीच असतो.